चौथ्या कोपऱ्यातले दाणे

तीन द्रोणांखालचे दाणे जसेच्या तसे होते. चौथा द्रोण भागीने उचलला आणि ती तशीच ओणवी राहिली.

पळसाचे ते द्रोण काल तिनेच टाचले होते. दिवस मावळायच्या आत जागेच्या चारी कोपऱ्यांत वीत वीत जमीन सारवून तिने हळद लावलेले सात-सात तांदूळ मांडले होते. तीन जोड्या, एक एकटा. वर द्रोण पालथा आणि द्रोणावर दगड. सकाळी दाणे जागचे हलले नसतील तर जमीन माणसांना ठेवून घेते. हलले, तर तिथे चूल मांडायची नाही. सूर्यमाळच्या पाड्यावर आजही हे पाहिल्याशिवाय कुणी घराची मेढ रोवत नाही.

चौथ्या कोपऱ्यात, चिंचेच्या बुडाशी, सारवण वाळून पांढुरकं झालं होतं आणि त्यावर काही नव्हतं.

"नाय," कमरेला हात देत भागी उभी राहिली. "ही जागा आपली नाय."

तिच्या मागे थोरला मुलगा उमेश उभा होता, धाकटा हरेश होता, दोघांच्या बायका होत्या. शेजारच्या ओट्यावर डोळ्याला हिरवी पट्टी बांधून मुलांचे वडील रघुबाबा बसले होते. त्यांना दिसलं नव्हतं, पण शांतता ऐकूनच त्यांनी विचारलं, काय झालं रे?

उमेशची बायको रोहिणी हिला आधी हसूच आलं. तीन आठवडे जव्हारची गल्लीन् गल्ली पालथी घातली, आणि ती पायपीट सात तांदळांपाशी येऊन थांबली.

गिरिशोभा सोसायटीतल्या भाड्याच्या घरात ती, उमेश आणि मुलगी योगिता पाच वर्षं राहत होती. तळमजल्यावर चौकटीत नियम लावलेले, तेवीस. गच्चीवर धान्य, मासळी वाळवू नये. जिन्यात बसू नये. वाद्य वाजवू नये. पाहुणा तीन दिवसांपेक्षा अधिक राहणार असल्यास लेखी कळवावे. खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं हे नियम रोहिणीला आवडायचे. जिना स्वच्छ असायचा, कोण येतं कोण जातं ते वहीत असायचं. पंचायत समितीच्या कचेरीतलं तिचं टेबल जसं, तसं घर.

मग यंदा गणपतीनंतर रघुबाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते राहायला आले. बाबा गळ्यात माळ घातलेले, सगळी उमर कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून उभं राहण्यात गेलेली. संध्याकाळी दाराशी बसून चिपळ्यांवर दोन भजनं म्हटल्याशिवाय घास उतरायचा नाही. आठव्या दिवशी सेक्रेटरींचं पत्र आलं. त्यात 'उपद्रव' असा शब्द होता. बाबांनी पत्र वाचून घेतलं आणि शिक्षक असलेल्या मुलाला विचारलं, उपद्रव म्हणजे नेमका कोणता रे? पुढच्याच आठवड्यात पाड्यावरची म्हातारी हिराबाई नाचणीचं गाठोडं घेऊन बाबांना बघायला आली, तर वॉचमनने तिला दोन तास फाटकाबाहेर उन्हात बसवलं. त्या दिवशी रोहिणी म्हणाली, आता इथे नको.

मग शोध. तळ्याकाठची जागा चांगली होती, पण वाटेवर एक दिवा नाही. दुसऱ्या ठिकाणी वळणावरच दारूचं दुकान, योगिताने क्लासवरून यायचं कसं? तिसरीकडे पुन्हा कमिटी, आणि चेअरमनांनी चहा देता देता गोड आवाजात विचारलेलं, "तुमच्यातले लोक रविवारी फार येतात का हो गावाकडून?" उमेशने चहा तसाच ठेवला होता.

ही चिंचेच्या आळीतली जागा मेहबूब मिस्त्रीने सांगितली. मेहबूब सुतार, उमेशच्या शाळेची बाकं त्याच्याच हातची. जागा त्याच्या चाचाची, त्याच्या घराला लागून. रोहिणीने जमीन बघितलीच नाही. ती तीन संध्याकाळी मेहबूबची बायको शबाना हिच्या ओट्यावर बसली आणि आळी बघत राहिली. मोटरसायकलवाले कोपऱ्यावर वेग कमी करतात का. क्लासवरून परतणारी मुलगी मागे वळून बघते का. तिसऱ्या दिवशी योगिता आणि शबानाची फिरदौस लगोरी खेळत होत्या, चेंडू समोरच्या घराच्या काचेवर गेला. घरातला माणूस बाहेर आला, दोघींना सारख्याच शिव्या घातल्या आणि चेंडू परत दिला. रोहिणीचं तेव्हाच ठरलं.

इथे कमिटी आहे का, असं तिने विचारलं तर मेहबूब म्हणाला, "नळावर बायका भांडतात ना, तीच आमची कमिटी." आणि बाबांचं भजन? "बाबा बेताल वाजवायला लागले तर भिंतीवर टकटक करीन. चिपळ्या मी करून दिल्यात, बदनामी माझी होईल." रघुबाबा त्यावर इतके हसले की डोळ्याची पट्टी सैल झाली.

चाचाकडे दुसरंही गिऱ्हाईक होतं. ते आज बाराला येणार होतं. मेहबूबने पंधरा दिवस थोपवून धरलं होतं, आता बाराच्या आत हो म्हणा एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि आत्ता नऊ वाजत होते.

उमेश आईशी बोलायला लागला तो वर्गात बोलतो तसा. मुंग्या असतील. मुंगूस असेल. शबानाभाभींच्या कोंबड्या सकाळी सुटतात.

भागीने त्याच्याकडे बघितलं. "कोंबडी दगड बाजूला करते, द्रोण उचलते, दाणे खाते, द्रोण पालथा घालते आणि दगड परत ठेवते?"

मेहबूबला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडपलं. पण रोहिणीचं हसू मात्र त्याच क्षणी गेलं. म्हातारी बरोबर बोलत होती. हे काम हाताचं होतं.

हरेशकडून उमेशला मदतीची आशा होती. काल संध्याकाळी हाच हरेश पावलं टाकत जागा मोजत होता, इथे मोरी काढ दादा, तिथे आयेच्या कोंबड्या, असं सांगत होता. आता तो पायाने मातीत रेघा ओढत म्हणाला, आय नको म्हणते तर नको. काल तूच म्हणत होतास, असं उमेशने म्हटल्यावर तो म्हणाला, काल दाणे होते. पुढे अर्ध्या आवाजात त्याने हेही जोडलं की नाही तरी वस्ती आपली नाय. हे मेहबूबने ऐकलं. तो रंधा घ्यायला म्हणून घरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. शबाना मात्र सगळ्यांसाठी चहा घेऊन आली, आणि पहिला कप तिने हरेशच्याच हातात दिला.

रघुबाबा काठी टेकत ओट्यावरून उतरले. भांडण झालं की ते असेच मध्ये येत, आणि त्यांचा आवाज कीर्तनाच्या सुरुवातीला नमन धरणाऱ्याचा व्हायचा, खालच्या पट्टीत, सगळ्यांना सामावून घेणारा.

"भागे, जागा कोणाची? सगळी त्याचीच. जिथं नाम घेतलं तिथं वास्तू शुद्ध. दाण्याला काय कळतं?"

भागी वळली. तिच्या हातात अजून तो चौथा द्रोण होता.

"हेच बोलला होतास," ती म्हणाली.

"कधी?"

"सूर्यमाळला घर बांधलं तवा. तुला आठवत नाय. दोन कोपऱ्यांतले गेले होते. दोन. मी सांगितलं, इथं नको, खाली ओहळाकडं बांधू. तू नुकती माळ घातली होतीस. म्हणालास, आपण आता असलं मानायचं नाय, नाम घेतलं की झालं. आन् मेढ रोवलीस." तिचा आवाज चढला नव्हता. "पुढल्या पावसात सोनी गेली."

सोनीचं नाव या घरात घेतलं जात नसे. हरेशची बायको जयवंती लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली, तिने ते आज पहिल्यांदा ऐकलं. तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

उमेशला बहीण आठवत होती, दाणे नव्हते आठवत. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. त्या पावसात घरात वरईची पेज होती आणि मग तीही नव्हती. बाबांनी सोनीला इरल्याखाली घेऊन घाट उतरायला सुरुवात केली तेव्हा तिचा एक पाय इरल्याबाहेर लोंबत होता. संध्याकाळी बाबा परत आले ते हळू चालत. घाई संपलेल्या माणसासारखे. आईचं माहेर वावरचं, तिथे तर घराघरातली लेकरं अशीच जात होती. नंतर वावर-वांगणीला गाड्या आल्या, साहेब आले, कागद लिहिले गेले. पुढे शिक्षक झाल्यावर उमेशने ते सगळं वाचलं. कशामुळे, किती, कुठे. त्याला वाटायचं, आपल्याला हे कळलंय ते आईलाही कधीतरी समजावून सांगायला हवं. तिचं ओझं हलकं होईल.

म्हणून तो म्हणाला, आणि मायेनेच म्हणाला, "आये, सोनी दाण्यांमुळं नाय गेली. तिच्या पोटात काय नव्हतं म्हणून गेली."

भागीने ते वाक्य हळूहळू पुन्हा म्हटलं. "पोटात काय नव्हतं." मग विचारलं, "आन् पोटात घालायचं कुणी होतं, उम्या?"

"तसं नाय म्हणत मी."

"मीच ना? म्हंजे मी मारली."

आळीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. इतक्या वर्षांत वर्गात उमेशने हजार प्रश्नांची उत्तरं दिली होती.

रघुबाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांनी शेकड्याने कीर्तनं ऐकली होती. आख्यानात लेकरू जायचा प्रसंग आला की बुवा हाताने मृदंग थांबवत, नुसती वीणा उरे, आणि टाळकऱ्यांच्या रांगेत उभे असलेले रघुबाबा प्रत्येक वेळी सोनीसाठी रडत. रडून मोकळे होत. मग पुन्हा मृदंगावर थाप पडे आणि गजरात ते सगळ्यांच्या पुढे असत. बायकांच्या बाजूला भागी बसलेली असे. ती त्या वेळी काय करायची? त्यांनी आठवून बघितलं, तेव्हा त्यांना आठवलं. ती उठून जायची. सगळ्यांसाठी पाणी भरायचं आहे म्हणून.

शबानाने भागीचा हात धरला आणि तोंड धुवायला तिला घरात नेलं.

रोहिणी मागच्या बाजूला गेली. पाण्याच्या पिंपाजवळ जयवंती पाठमोरी उभी होती आणि हातांवर पुन्हा पुन्हा पाणी घेत होती.

"सकाळी दुधाला पाऊण तास लागला तुला," रोहिणी म्हणाली. "दुकान तर खालीच आहे."

जयवंतीने नळ बंद केला. रोहिणीने तिचा उजवा हात धरून उलटा केला. अंगठ्याच्या नखात हळद होती. काल दाण्यांना हात लावला होता तो एकट्या भागीने.

"मला सोनीचं ठाऊक नव्हतं," जयवंती म्हणाली. "पोरांची शपथ, ताई. कुणी सांगितलंच नव्हतं कधी."

मग का, असं रोहिणीने विचारलं. जयवंतीने जे सांगितलं ते नवं नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं. दिवाळी झाली की ती आणि हरेश भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडाशी परततात. तेवढे महिने बुध्या आणि हिरी आजीजवळ राहतात आणि पाड्यावरच्या शाळेत जातात. आजी इथे आली की पोरं भट्टीवर. भट्टीवर गेलेलं पोर पुन्हा शाळेत बसलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"अगं, मग बोलायचंस ना," रोहिणी म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि हायसं जास्त होतं, कारण हे सोडवता येण्यासारखं होतं. "पोरं इथं आणली असती. इथं कुणाचा नियम आहे आपल्याला?"

जयवंतीने हात सोडवून घेतला.

"कागदावर घर काढलंत तेव्हा चार खोल्या मोजून दाखवल्यात. आईबाबांची एक. तुमची एक. योगिताची एक. आणि एक येणाऱ्याजाणाऱ्याची. माझी पोरं कोणत्या खोलीत होती, ताई?"

रोहिणीला तो कागद दिसला. तिच्याच हातचा, पट्टीने आखलेला.

"गेल्या वर्षी मी विचारलं होतं. बुध्याला चौथीला तुमच्याकडं ठेवा. तुम्ही म्हणालात, माझं काही नाही गं, पण सोसायटीत चालत नाही, तीन दिवसांच्या वर पाहुणा ठेवत नाहीत." जयवंती एकेक शब्द खाली ठेवावा तसं बोलत होती. "तुमच्या खालच्या मजल्यावर जोशीबाईंचा भाचा दोन वर्षं राहतोय कॉलेजला. एक अर्ज दिलाय त्यांनी, बस्स. बुध्याशी क्रिकेट खेळला होता तो, त्यानेच सांगितलं. बुध्याने मला विचारलं, मग मलाच का नाय?"

"जयवंती."

"तो नियम सोसायटीचा नव्हता, ताई. तुमचा होता."

पिंपाचा नळ नीट बंद झाला नव्हता. रोहिणीने तो आवळून बंद केला. मग म्हणाली, चल, आईंना सांग, अजून दोन तास आहेत. जयवंती म्हणाली, "चला. दोघी सांगू. मी दाण्यांचं सांगते, तुम्ही बुध्याचं सांगा."

दोघींपैकी कुणीच पाऊल उचललं नाही.

रोहिणीच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. आई, दाणे जमिनीने नाही नेले, हिने नेले. एवढं म्हटलं की जागा परत मिळत होती, फिरदौसबरोबर लगोरी खेळणारी योगिता मिळत होती, ओट्यावर बाबांचं भजन मिळत होतं. कदाचित म्हातारीलाही थोडं काही मिळालं असतं. पण पुढचा प्रश्न उमेशच विचारणार होता, का म्हणून? आणि जयवंती त्याचं उत्तर सगळ्यांसमोर देणार होती. उमेशला आजवर ठाऊक होतं ते एवढंच की बिचारी रोहिणी बुध्याला ठेवून घ्यायला तयार होती.

आतून भागी बाहेर आली. तोंड धुतलेलं, पदर डोक्यावर.

"जयवंती, पिशवी घे. अकराची एसटी गाठू." तिने सुनेचा हात धरला, तोच उजवा हात. "इथं उभ्या उभ्या सगळे मला शिकवायला लागले. एक तूच गप ऱ्हायलीस."

जयवंतीचा चेहरा असा झाला की रोहिणीने दुसरीकडे बघितलं. हवं होतं ते जयवंतीला मिळालं होतं, आणि ते हातात धरून तिला आता रोज त्या घरात वावरायचं होतं. जाताना तिने एकदा मागे बघितलं. रोहिणीने मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

रघुबाबांची सोमवारी डोळ्याची तपासणी होती, त्यामुळे ते राहणार होते. भागीने त्यांना चल म्हटलं नाही. त्यांनी तिच्या पावलांचा आवाज वळणापर्यंत ऐकला.

मेहबूबला सांगायला उमेशच गेला. मेहबूब म्हणाला, गुरुजी, चाचाला मी अजून आठ दिवस थांबवतो, घरात असं होतं कधीकधी. उमेशने मान हलवली. मग मेहबूबने तीन द्रोणांकडे बोट करून विचारलं, हे उचलायचे, की तुमच्यात तसेच ठेवतात? उमेशला तेही ठाऊक नव्हतं. पण उत्तराची गरज पडली नाही. भागीने बघायला उचललेले द्रोण उताणे पडले होते, आणि तिथल्या जागच्या न हललेल्या दाण्यांपर्यंत कोंबड्या पोहोचल्या होत्या.

"आई, आपण इथं कधी येणार?" योगिता धावत आली. तिच्या मुठीत लगोरीची ठिकरी होती. रोहिणी म्हणाली, चप्पल घाल.

संध्याकाळी गिरिशोभेत रघुबाबा नेहमीच्या जागी, दाराशी बसले. चिपळ्या पिशवीतून निघाल्या नाहीत. योगिताने दोनदा विचारलं. मग रोहिणी स्वतः जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, वाजवा तुम्ही. मोठ्याने वाजवा. सेक्रेटरींचं मी बघते."

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"सोनीला घेऊन मी आलो तवा दारात भागी उभी होती," ते म्हणाले. "ती रडली का गं तवा? मला आठवत नाय. माझंच रडणं आठवतं."

दिवे लागले. जिन्यातून सेक्रेटरी वर चालले होते, उघड्या दारापाशी जरा थांबले, कान दिला, आणि समाधानाने हसले. आता कसं शांत वाटतं नाही वहिनी, असं म्हणून वर गेले.

थोड्या वेळाने कचरा टाकायला रोहिणी खाली उतरली. वॉचमनने वही पुढे केली. पाहुणे गेले असतील तर वेळ लिहा मॅडम, रकाना रिकामा आहे. काल दुपारी तिनेच तीन नावं लिहिली होती. भागी, हरेश, जयवंती. नात्याच्या रकान्यात तिघांपुढेही एकच शब्द होता, पाहुणे. तिने पेन घेतलं आणि तीनही नावांपुढे लिहिलं, सकाळी अकरा.

तीन दिवस झाले नव्हते. नियम पाळला गेला होता.